डीप टिश्यू, अभ्यंग की फिजिओथेरपी? आखडलेल्या मान-खांद्यासाठी काय निवडाल

स्पाची अपॉइंटमेंट घेण्याआधी एक साधी तपासणी घरीच करा. कोपर कमरेला चिकटवून काटकोनात वाकवा आणि पंजा बाहेरच्या बाजूला फिरवा, दार उघडल्यासारखा. आता हात सैल सोडा आणि घरातल्या कोणाला तरी तो धरून तसाच फिरवू द्या. दोन्ही वेळा हात एकाच जागी अडत असेल आणि दुसऱ्या हाताच्या मानाने निम्माही वळत नसेल, तर फ्रोझन शोल्डरचा संशय घ्यावा. साधारण चाळिशी ते साठी या वयात तो आढळतो, मधुमेह असणाऱ्यांना तर जास्तच. त्यात सांध्याभोवतीचं आवरण जाड होऊन आक्रसतं. वरचे स्नायू कितीही दाबले तरी ते आवरण सैल होत नाही. असा खांदा मालिशवाल्याकडे नेलात तर पैसे जातील आणि महिनेही जातील. सरळ अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट गाठा.

हात पूर्ण फिरतोय, मान वळतेय, पण वळवताना ओढ बसते आणि संध्याकाळपर्यंत खांदे आवळून येतात, असं असेल तर प्रश्न बहुधा स्नायूंच्या ताणाचा आहे. पर्यायांची तुलना खरी इथून सुरू होते.

डीप टिश्यू म्हणजे स्नायूंच्या खोल थरांपर्यंत सावकाश दाब देणारी मालिश. त्यात तेल जेमतेमच लावतात, कारण हात घसरून चालत नाही. पालथं झोपवल्यावर थेरपिस्ट आधी काही मिनिटं हलक्या हाताने पाठ चोळते. मग मानेच्या मुळाशी कोपराखालचा हात टेकवते आणि तुम्ही श्वास सोडाल तशी स्नायूच्या रेषेने खांद्याच्या टोकाकडे सरकते. एवढा वीतभर पट्टा पार करायला अर्धा मिनिट लागू शकतो. भराभर रगडणारा नुसता जोर लावत असतो, त्याला डीप टिश्यू म्हणू नये. दुखणं दहापैकी सहा-सातच्या वर गेलं, श्वास अडकायला लागला, की स्नायू बचावासाठी उलट आवळतो. तेव्हा ‘जरा हलकं’ असं स्पष्ट सांगा, उगाच सोसू नका. दुसऱ्या दिवशी थोडं ठणकणं ठीक, पण काळे-निळे डाग उठले तर जोर जास्त झाला असं समजा.

स्पावाले तीन गोष्टी हमखास सांगतात: गाठी फोडतो, विषारी द्रव्यं बाहेर काढतो, लॅक्टिक ॲसिडचा निचरा करतो. विषारी द्रव्यांचं सोडूनच द्या, त्यासाठी यकृत आणि मूत्रपिंडं आहेत. व्यायामात स्नायूंत तयार होणारं लॅक्टिक ॲसिड तासा-दोन तासांत शरीर स्वतःच वापरून टाकतं. गाठींचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या पाठदुखीवर उपचार करणाऱ्या डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल आणि त्यांचे सहकारी डॉ. डेव्हिड सायमन्स यांनी १९८३ मध्ये ‘ट्रिगर पॉइंट’चे सविस्तर नकाशे प्रसिद्ध केले. कुठे दाबलं की कळ कुठे जाते, हे आजही अनेक थेरपिस्ट त्यांवरून शिकतात. पण बोटाला लागते ती गाठ नेमकी कशाची, यावर वाद मिटलेला नाही. एकाच पाठीवर दोन जाणकारांची बोटं एकाच जागी थांबतील याचीही खात्री नसते. मालिशनंतर मोकळं वाटतं ते खोटं नाही, मात्र त्यात ‘काहीतरी फुटलं’ यापेक्षा मज्जासंस्थेने ताण सैल सोडल्याचा भाग मोठा असतो.

म्हणूनच तो मोकळेपणा फार टिकत नाही. वैद्यकीय प्रयोग एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात कंबरदुखीवरच्या मालिशचे २५ प्रयोग तपासले गेले. काहीच उपचार न घेणाऱ्यांच्या तुलनेत थोड्या काळापुरता आराम दिसला, पुढे तो टिकल्याचं दिसलं नाही, आणि पुराव्याचा दर्जाही कमीच निघाला. ब्रिटनमध्ये डॉक्टरांसाठी उपचारांचे नियम सुचवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०१६ च्या शिफारशी कंबरदुखीत मालिशला जागा देतात, पण व्यायामाच्या जोडीनेच.

अभ्यंगाकडून अपेक्षाच वेगळी ठेवावी. कोमट तिळाचं किंवा महानारायण हे औषधी तेल सढळ हाताने, अंगावरून लांबवर फिरणारे हात, मध्यम दाब, नंतर वाफ. एका विशिष्ट जागी खोल काम करणं हा त्याचा हेतू नाही. शिणवटा, रुक्ष त्वचा, झोपेची तक्रार असेल, किंवा अंगाला जोराचा दाब सोसत नसेल, तर डीप टिश्यूपेक्षा मी अभ्यंगच सुचवेन. अजीर्ण आणि ताप असताना मात्र तो आयुर्वेदातच वर्ज्य सांगितलाय. शिवाय घरी दिवाळीच्या पहाटेशिवाय कोणी तेलाला हात लावत नाही, पण स्वस्तात आणि आठवड्यातून एकदा जमणारा प्रकार हाच आहे.

‘मला पैलवानी मालिशच लागते’ म्हणणारेही भेटतात. कोल्हापूरच्या गंगावेस किंवा मोतीबाग तालमीत वाढलेल्या पैलवानाचं अंग जोर-बैठकांनी आणि रोजच्या लढतींनी तयार झालेलं असतं. नऊ तास खुर्चीत काढणाऱ्या पाठीवर तो जोर उतरवू नये. आणि सलूनमध्ये दाढीनंतर मान कडकन मोडून देतात, ते तर कोणीच करून घेऊ नये. मानेतल्या रक्तवाहिनीला त्या झटक्याने इजा होऊ शकते. हे क्वचित घडतं, पण घडलं तर पक्षाघातापर्यंत जातं.

राहिली फिजिओथेरपी. तिथे ना मंद दिवे ना सुगंध. पण हालचाल परत मिळवायची असेल तर माझं मत तिच्याच पारड्यात. मान किती अंश वळते हे आधी मोजतात, कमजोर काय आणि आखडलंय काय ते वेगळं करतात, आणि घरी करायचे तीन-चार व्यायाम देतात. फरक पडायला काही आठवडे लागतात. स्पाच्या एका तासाच्या पैशांत फिजिओथेरपीच्या दोन-तीन बैठका सहज होतात. एक तक्रार मात्र आहे: बऱ्याच क्लिनिकांत मशीन लावून वीस मिनिटं पडून राहायला सांगतात आणि शेवटी बिल देतात. व्यायाम शिकवत नसतील तर दुसरं क्लिनिक शोधा.

दोन्ही परवडत असेल तर जोडी लावा. संध्याकाळी डीप टिश्यू, आणि अंग मोकळं आहे तोवर, त्याच रात्री नि पुढचे दोन दिवस, फिजिओने दिलेले व्यायाम. दर आठवड्याला मालिश आणि व्यायाम शून्य, यात पैसा फक्त स्पाला मिळतो.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हाडं ठिसूळ असणं, पायाच्या शिरेत गुठळी झालेली असणं किंवा तसा संशय, ताजं फ्रॅक्चर, कॅन्सरचे उपचार, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डीप टिश्यू नको. गरोदरपणात तर नकोच. कंबरदुखीसोबत पायातली ताकद जात असेल, जांघेत बधिरपणा असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, तर मालिशचा विचारही न करता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

पहिल्यांदा जाल तेव्हा काउंटरवर काय विचारतात तेही बघा. गोळ्या कोणत्या चालू आहेत, ऑपरेशन झालंय का, कुठे दुखतं, यातलं काहीच न विचारता थेट टॉवेल हातात देत असतील, तर तिथूनच परत फिरा.