शिकार साडूची, फिरणं आमचं: टांझानियाच्या आठ दिवसांच्या पॅकेजचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, बंदूक माझ्या हातात नव्हती. ताडोबा आणि पेंचच्या मधात आयुष्य गेलेल्या माणसाला शिकार म्हटलं की १९७२ चा कायदा आणि फॉरेस्टवाल्यांची जीपच आठवते. पण आमचे साडू पंचवीस वर्षांपासून ह्यूस्टनला, तिकडे त्यांना हरणाच्या शिकारीचा नाद लागला आणि साठीच्या निमित्ताने त्यांनी टांझानियात रीतसर लायसन काढून दहा दिवसांची केप बफेलोची, म्हणजे तिकडच्या रानरेड्याची, शिकार बुक केली. साळीला त्यात काडीचा इंटरेस्ट नाही. ती म्हणाली, दहा दिवस तुमचे, त्यापुढचे आठ माझे, आणि ताई-भाऊजी पण नागपूरहून येतील. तर हा रिव्ह्यू त्या आठ दिवसांचा, म्हणजे ते दिवस बसवून देणाऱ्या आपल्या गावातल्या ट्रॅव्हलवाल्याचा. नाव लिहीत नाही, पोरगा स्वभावाने वाईट नाही आणि पैशाचं भांडण अजून सुरू आहे.

पोराने व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पाठवली तेव्हा खरंच छान वाटली, प्रत्येक पानावर सिंह. पहिला दिवस अरुशा शहर, मग तरंगिरेचं जंगल, गोरोंगोरोचं विवर, दोन रात्री सेरेंगेटीचं जंगल, शेवटी झांझिबार बेट. मी विचारलं, बाबू, साडूची शिकार नेमकी कुठे आहे ते पाहिलं का? तो म्हणे, काका टेन्शन नका घेऊ, टांझानियातच आहे ना. इथेच सगळं गणित फसलं. टांझानिया म्हणजे काय वर्धा जिल्हा आहे का, तीन महाराष्ट्र बसतील एवढा देश आहे. साडूचा शिकारीचा ब्लॉक, म्हणजे शिकारीला नेमून दिलेला भाग, होता दक्षिणेत, सेलूच्या (आपलं वर्ध्याकडचं नाही, तिकडचं राखीव जंगल) बाजूला, तिथून छोटं चार्टर विमान दार एस सलामला येतं. आणि अरुशा पार उत्तरेत, दारहून रोडने सहाशेच्या वर किलोमीटर. ज्यांची शिकार उत्तरेकडच्या मसाईलँडमध्ये असते त्यांना अरुशा बरोबर आहे, गाडीत बसले की सेरेंगेटीच्या रस्त्याला लागले. पण दक्षिणेतून निघणाऱ्या माणसाला आधी दार, आणि दारहून झांझिबार विमानाने वीस-पंचवीस मिनिटं, फेरीने दोन तास. नाहीतर तिथल्या तिथेच न्येरेरे नॅशनल पार्क आहे, २०१९ मध्ये सेलूचाच उत्तरेकडचा भाग तोडून केलेला, तिथे शिकार बंद आणि रुफिजी नदीत बोटीतून हिप्पो, मगरी पाहायला मिळतात. हे मला साडूच्या आउटफिटरने, म्हणजे शिकार बसवून देणाऱ्याने, नंतर सांगितलं. जो पोरगा पॅकेजचे पैसे घेऊन राहिला त्याला हे माहीत नको का?

व्हायचं तेच झालं. शिकारीचा शेवटचा दिवस आणि अरुशाची पहिली रात्र एकाच तारखेला लावलेली, मधात श्वास घ्यायला जागा नाही. चार्टर त्या दिवशी आलंच नाही, दुसऱ्या दिवशी आलं. रानातल्या धावपट्टीवरून चार सीटचं विमान, ते काय बर्डीवरची बस आहे का वेळेवर यायला. आम्ही दोघं अरुशात क्लॉक टॉवरजवळ एकटेच फिरून राहिलो, एका गुजराती खानावळीत दोन टाइम जेवलो (जेवण फर्स्ट क्लास, पोळ्या गरम), साळी-साडू दुसऱ्या रात्री उशिरा पोचले आणि तरंगिरे गेलं. तरंगिरेचे हत्ती आणि बाओबाबची झाडं पाहायची माझी फार इच्छा होती. त्यामुळे कोणी असं जोडून जाणार असेल तर शिकार संपल्यावर एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा, हॉटेलात नुसतं झोपायला. साडू दहा दिवस पहाटे चारला उठून चालत होते, त्यांना पोचल्या पोचल्या पुन्हा सकाळी सहाला गाडीत बसवणं म्हणजे शिक्षाच.

दुसरा घोळ बंदुकीचा, आणि हा जास्त महाग पडला. फिरण्याच्या ट्रिपवर रायफल घेऊन फिरता येत नाही, नॅशनल पार्कात तर विषयच नाही. साडूची रायफल दारला आउटफिटरच्या तिजोरीत ठेवलेली, आणि परवान्यावर ती दारला उतरली म्हणून तिथूनच परत न्यायची असं त्यांनी लेखी दिलेलं. आमच्या ट्रॅव्हलवाल्या पोराने साडू-साळीचं परतीचं तिकीट काढलं थेट झांझिबारहून! मी साडूचा ईमेल त्याला फॉरवर्ड केला होता, त्याने उघडलाच नाही. शेवटी तिकीट बदलायला माणशी दोनशे, दोघांचे चारशे डॉलर गेले. बाकी शिंगं-कातडं वगैरे सोबत येत नाही बरं का, आमच्या घरी सगळ्यांना वाटत होतं साडू सुटकेसमध्ये घालून आणतील. ते तिकडेच साफ होतं, औषधात बुडवतात, कागदपत्रं होतात आणि काही महिन्यांनी जहाजाने नाहीतर कार्गोने घरी येतं. त्याचा तुमच्या फिरण्याशी संबंध नाही.

आता चांगलं सांगतो, कारण ते पण खरं आहे. तिकडची गाडी एकदम मस्त होती, टप उघडणारी लँड क्रूझर, चौघांना चार खिडक्या, आणि ड्रायव्हर कम गाइड असा माणूस की त्याला सलाम. पहिल्याच दिवशी घड्याळाचा गोंधळ झाला, त्याने साळीला स्वाहिलीत सांगितलं सा म्बिली, पुस्तकात त्याचा अर्थ दोन वाजता, ती म्हणे दुपारी दोनला निघायचं. तिकडे घड्याळ सूर्योदयापासून मोजतात, त्यांचे दोन म्हणजे आपले सकाळचे आठ. तो आठला गाडी घेऊन हजर आणि आमच्या बायका केसाला मेंदी लावून बसलेल्या. तासभर थांबला बिचारा, कुरकुर नाही.

गोरोंगोरोबद्दल काय लिहू. आपण लोणार पाहिलेले लोक, कड्यावर उभं राहिलं की आपोआप तुलना होते. लोणार उल्केने झालेलं, पावणेदोन-दोन किलोमीटरचं, हे ज्वालामुखी आत खचून झालेलं, एकोणीस-वीस किलोमीटर रुंद आणि सहाशे मीटर खोल, खाली अख्खं जंगल चरून राहिलंय. वरती ऑगस्टमध्ये सकाळी अशी थंडी की मी मफलर काढला, पोराने पीडीएफमध्ये लिहिलं होतं हलके सुती कपडे. खाली उतरायची फी गाडीमागे असते, माणशी नाही, टॅक्स धरून जवळपास ३०० डॉलर, म्हणून चौघं असाल तरच परवडतं, दोघांसाठी जीव जातो. दुरून काळा गेंडा पण दिसला, दुर्बिणीतून, ठिपका म्हणा.

दुपारी हिप्पोंच्या तळ्याजवळ जेवायला थांबलो, तिथे बाकी गाड्या पण थांबतात. डब्यात कोंबडीची तंगडी, उकडलेलं अंडं, केळं आणि ज्यूस. आमच्या हिचा श्रावणी सोमवार, पोराला लिहून दिलेलं की उपास आहे, तर त्याने तिकडे कळवलं होतं व्हेज, आणि आला ब्रेडचा सँडविच. तिने केळं आणि घरून आणलेला उपासाचा चिवडा खाल्ला. ड्रायव्हर म्हणत होता गाडीतच खा, बाहेर घारी आहेत. साडू हसले, म्हणे मी काल-परवा बफेलो पाडून आलोय, घारीचं काय घेऊन बसलास. बाहेर उभे राहून तंगडी तोंडाजवळ नेली आणि मागून एक घार अशी आली की फक्त पंखाचा वारा लागला, तंगडी गायब, बोटाला बारीक ओरखडा. साडू हात तसाच वर धरून उभे. साळी इतकी हसली की तिला ठसका लागला. नंतर साडूनी मुकाट्याने गाडीत बसून अंडं खाल्लं.

सेरेंगेटीत तिसरी फसवणूक, म्हणजे फसवणूक म्हणा का अडाणीपणा. पीडीएफमध्ये लिहिलेलं मायग्रेशन गॅरंटी, म्हणजे विल्डबीस्ट नावाच्या चरणाऱ्या जनावरांचे जागा बदलत फिरणारे मोठे कळप दाखवणारच. ऑगस्टमध्ये ती विल्डबीस्टची गर्दी उत्तरेत मारा नदीकडे असते, आणि आमचं बुकिंग मध्यभागी सेरोनेराला. ड्रायव्हरने पहिल्याच दिवशी सांगितलं, उत्तरेत जायला इथून तीन-चार तास लागतील आणि तुमच्याकडे दोनच रात्री आहेत. तरी सेरोनेराने हात रिकामे ठेवले नाहीत, झाडावर बिबट्या पाहिला, सिंहांचा कळप तर गाडीच्या सावलीतच येऊन बसला. ताडोब्यात जिप्सीवाले वाघ दिसला की एकमेकांच्या अंगावर गाड्या घालतात तसं थोडंफार इथे पण होतं, खोटं कशाला सांगू. अजून एक, पार्कची फी चोवीस तासांची असते, गेटवर टाइम पडतो, उशीर झाला तर दुसऱ्या दिवसाची फी. परतताना नाबी हिलच्या गेटला आम्ही वीस मिनिटं राखून पोचलो, ड्रायव्हरने धुळीतून जी गाडी हाणली त्याने माझी कंबर अजून बोलते.

झांझिबार थोडक्यात. स्टोन टाउनच्या गल्ल्या आवडल्या, फोरोधानीला संध्याकाळी खायच्या गाड्या लागतात, उरोजो नावाचा आंबट पातळ रस्सा मिळतो, त्यात भजी आणि बटाटे. भजीला ते पण भजियाच म्हणतात. आपल्या तर्रीच्या पुढे अगदीच सौम्य, पण मी दोन वाट्या खाल्ल्या. बेटावर जायला ऑक्टोबर २०२४ पासून ४४ डॉलरचा विमा घ्यावाच लागतो, हा पोराने खर्चात धरला नव्हता, तिथे वेगळा भरला.

जाणाऱ्यांनी यलो फीव्हरची लस लागते का ते आधी नीट विचारून घ्या, लागत असेल तर निदान दहा दिवस आधी घ्या. प्लॅस्टिकच्या पिशव्या २०१९ पासून टांझानियात बंद आहेत, चिवडा डब्यात भरा. गडद निळे आणि काळे कपडे नेऊ नका, त्सेत्से माशी त्यावरच येते, साडूचे घोटे पाहिले मी. आणि आतल्या छोट्या विमानात माणशी १५ किलोच सामान, ते पण मऊ बॅगेत, आपली चाकाची सुटकेस चालत नाही.

रेटिंग: तिकडची गाडी आणि ड्रायव्हर पाचपैकी पाच, इकडचं प्लॅनिंग दोन. परवा पोराचा फोन आला, काका गूगलवर पाच स्टार टाका ना. मी म्हटलं, तरंगिरेच्या लॉजचे पैसे आणि साडूच्या तिकिटाचे चारशे डॉलर आण, मग पाहू. पाहतो काका, म्हणाला. तीन आठवडे झाले, अजून पाहूनच राहिला आहे.