कॉम्प्रेसर स्टेशनचं उत्सर्जन कशावरून काढावं: पुस्तकी गुणक, कंपनीची हमी की प्रत्यक्ष चाचणी?

नैसर्गिक वायूच्या पाइपलाइनवर ठरावीक अंतरांवर वायूचा दाब वाढवून तो पुढे ढकलणारी कॉम्प्रेसर स्टेशनं असतात आणि बहुतेक ठिकाणी तिथलं इंजिन किंवा टर्बाइन लाइनमधलाच वायू जाळून चालतं. त्याच्या धुरातून वर्षाला किती नायट्रोजन ऑक्साइड (नॉक्स), किती कार्बन मोनॉक्साइड, किती फॉर्मल्डिहाइड जाणार, हे परवान्याच्या अर्जात लिहून द्यावं लागतं. अमेरिकेतल्या स्टेशनांची ही गणितं इथे पुण्या-मुंबईत बसून करणारे बरेच जण आहेत. या कामात नव्याने आलेल्यांना पहिला प्रश्न पडतो तो आकडा कुठून घ्यायचा याचा. तो वाटतो तितका कारकुनी नाही.

एक इंजिन घेऊ: चार-स्ट्रोक, लीन-बर्न (म्हणजे गरजेपेक्षा जास्त हवेत वायू जाळणारं), १,००० एचपी (अश्वशक्ती). एचपी-तासाला ८,००० बीटीयू (उष्णतेचं एकक) इंधन धरलं तर ताशी ८ एमएमबीटीयू, म्हणजे ८० लाख बीटीयू. वर्षाचे ८,७६० तास ते चालू आहे असं माना. ईपीएच्या, म्हणजे अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेच्या, एपी-४२ या संग्रहात ९० ते १०५ टक्के लोडसाठी नॉक्सचा गुणक, म्हणजे इंधनाच्या दर एककामागे किती प्रदूषक निघतं तो आकडा, आहे एमएमबीटीयूला ४.०८ पौंड. त्यावरून वर्षाला १४३ अमेरिकी टन येतात. त्याच तक्त्यात ९० टक्क्यांखालच्या लोडला गुणक ०.८४७ आहे. आता आले ३० टन. आणि इंजिन बनवणाऱ्या कंपनीने एचपी-तासाला ०.५ ग्रॅमची हमी दिली असेल, तर पाच टनसुद्धा भरत नाहीत.

इंजिन तेच, तास तेवढेच. पण १०० टनांची रेषा ओलांडली की साधारणपणे टायटल फाइव्ह परवाना (मोठ्या प्रदूषण-स्रोतांना लागणारा) घ्यावा लागतो आणि त्याची कागदपत्रं, तपासण्या, शुल्क सगळं मागोमाग येतं. म्हणजे कुठला आकडा धरला यावर स्टेशनचं सगळं नियमन फिरतं. आजूबाजूला राहणाऱ्यांच्या छातीत काय जातं हेही त्याच आकड्यावरून ठरवलं जातं, म्हणून तो खरा असायला हवा.

एपी-४२

इंजिनांचं प्रकरण २००० सालचं आहे आणि त्यातले गुणक वेगवेगळ्या इंजिनांच्या चाचण्यांची सरासरी आहेत. नव्या लीन-बर्न इंजिनाला ४.०८ लावणं म्हणजे त्याला भलत्याच इंजिनांच्या रांगेत बसवणं. उलटही होतं. ०.८४७ हा आकडा कमी आहे म्हणून जो उचलतो, त्याचं इंजिन हिवाळ्यात मागणी वाढली की पूर्ण लोडवर धावतं. वर्षभराच्या लोडची नोंद हाताशी नसेल तर हा दुसरा गुणक वापरू नये, हे माझं ठाम मत आहे. खुद्द ईपीएनेही नोव्हेंबर २०२० मध्ये एपी-४२ च्या चुकीच्या वापराबद्दल जाहीर इशारा दिला होता. आपल्याकडच्या पर्यावरण आघात अहवालांतही हे गुणक सर्रास दिसतात. ते अमेरिकी इंजिनांवरून काढलेत, हे तिथे निदान एका ओळीत तरी लिहावं.

तरीही एपी-४२ शिवाय भागत नाही. फॉर्मल्डिहाइडचा गुणक ०.०५२८ आहे. आपल्या इंजिनाला त्यावरून वर्षाला १.८५ टन येतात, म्हणजे क्षुल्लक वाटावं इतकंच. पण अशी सहा इंजिनं एका स्टेशनवर असली की ११ टन होतात. एकाच घातक प्रदूषकाची मोठ्या स्रोतासाठीची मर्यादा १० टन आहे. नॉक्सवर सगळं लक्ष आणि स्टेशन अडकतं फॉर्मल्डिहाइडवर, असं या गणितात सहज होतं.

कंपनीची हमी

नव्या यंत्रासाठी मी आधी हीच बघेन. २०१० च्या जुलैनंतर बनलेल्या, ५०० एचपीच्या वरच्या बहुतेक वायू-इंजिनांना नॉक्सची मर्यादाच एचपी-तासाला १ ग्रॅम आहे, त्यामुळे वरचे १४३ टन अशा इंजिनाला मुळात लागू पडत नाहीत. कागद मात्र नीट वाचावा. ‘हमी’ आणि ‘अपेक्षित’ हे दोन वेगळे रकाने असतात. अर्जात पहिलाच घ्यायचा.

टर्बाइनबाबत हमी जास्त भरवशाची, पण ती ठरावीक लोडच्या वरच लागू असते. लीन-प्रीमिक्स, म्हणजे वायू आधीच जास्त हवेत मिसळून जाळणाऱ्या, टर्बाइनचा नॉक्ससाठीचा एपी-४२ गुणक ०.०९९ आहे आणि साध्या टर्बाइनचा ०.३२. यंत्र सुरू-बंद होताना किंवा लोड फार उतरल्यावर लीन-प्रीमिक्स ज्वाळा टिकत नाही आणि उत्सर्जन चढतं. तो वेळ वेगळा मोजून वेगळा लिहावा.

चाचणी

चालू असलेल्या जुन्या इंजिनाला याहून चांगलं काही नाही. हातात धरण्याजोग्या पोर्टेबल अ‍ॅनालायझरने नॉक्स, कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन एकाच वेळी मोजता येतात. धुरात १५ टक्के ऑक्सिजन असताना नॉक्स १०० पीपीएम (दर दहा लाख भागांत १००) आला तर गुणक बसतो एमएमबीटीयूला सुमारे ०.३७ पौंड. इथे खरी गोम ऑक्सिजनची आहे. पीपीएमवरून गुणक काढायच्या सूत्रात २०.९ मधून ऑक्सिजन वजा करून भागायचं असतं. खरा १५ असताना यंत्राने १६ दाखवला तर भाजक ५.९ चा ४.९ होतो आणि उत्तर २० टक्क्यांनी फुगतं. नळीच्या सांध्यातून बाहेरची हवा आत शिरली तर ऑक्सिजन वाढतो, पीपीएम उतरतं आणि दोन्ही एकमेकांना बरेचसे सावरतात. पण सेन्सरचं मापच सरकलेलं असेल तर सावरायला काही नसतं. म्हणून कॅलिब्रेशन आधीही तपासावं आणि नंतरही.

चाचणी त्या दिवसाच्या लोडचीच असते. लोड बदलता असेल तर दोन-तीन लोडवर घ्यावी. सतत मोजणारी यंत्रणा अचूक, पण महाग. एकट्या इंजिनासाठी ती क्वचितच परवडते.

मिथेनचा हिशेब वेगळा

हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. हरितगृह वायूंच्या अहवालात ज्वलनासाठी पूर्वी सरसकट वापरला जाणारा मिथेनचा गुणक एमएमबीटीयूला ०.००१ किलो होता. आपल्या इंजिनाचे वर्षाला ७० किलो झाले. एपी-४२ मध्ये मात्र याच प्रकारच्या इंजिनाला १.२५ पौंड आहेत, म्हणजे वर्षाला जवळपास ४० मेट्रिक टन. साडेपाचशे पटींहून जास्त फरक! कारण लीन-बर्न इंजिनात थोडा वायू न जळताच धुराबरोबर निसटतो. २०२४ मध्ये ईपीएने नियम दुरुस्त करून हे निसटणं हिशेबात आणलं. अहवालाचा साचा जुना असेल तर हा गुणक आधी तपासा.

त्याशिवाय रॉड पॅकिंगमधून (कॉम्प्रेसरच्या दांड्याभोवतीच्या सीलमधून) आणि बंद यंत्राला लाइनपासून तोडणाऱ्या आयसोलेशन व्हॉल्व्हमधून जाणारा वायू धुराड्यात येतच नाही. तो व्हेंटवर (वायू बाहेर सोडणाऱ्या नळीवर) मीटर लावूनच मोजावा लागतो, आणि तेही यंत्र चालू असताना, दाबाखाली उभं असताना आणि दाब उतरवल्यावर वेगवेगळा. पॅकिंग किती तास झालं बदललं नाही, हे आधी विचारून घ्यावं. अमेरिकी नियमात २०१६ पासून नव्या रेसिप्रोकेटिंग (दट्ट्याच्या) कॉम्प्रेसरना ते २६,००० तासांनी किंवा ३६ महिन्यांनी बदलण्याची अट आली. त्याआधीच्या यंत्रावर पॅकिंगची तारीख कुणाच्या वहीत सापडली नाही, तर गुणक शोधत न बसता थेट मोजणी सांगावी.