अंगणवाडी आणि माता गट : पहिलीच्या तयारीसाठी आमचा अनुभव (भांडुप पश्चिम)

नर्सरीत घालायचं की अंगणवाडीत, हा विषय आमच्या चाळीत दर वर्षी निघतो म्हणून जरा सविस्तर लिहितेय. आम्ही भांडुप पश्चिमेला डोंगरावरच्या वस्तीत राहतो. माझी मुलगी तीन वर्षांची झाल्यापासून पहिलीत जाईपर्यंत इथल्याच अंगणवाडीत होती. माझं मत विचाराल तर बिनधास्त पाठवा, पण नुसतं पोराला सोडून घरी येऊ नका, माता गटात, म्हणजे गल्लीतल्या आयांच्या गटात बसा, खरा फायदा तिथे आहे.

खूप जणींना वाटतं अंगणवाडी म्हणजे खिचडी खायची आणि घरी यायचं. तसं नाहीये. अंगणवाडी ज्यात येते ती एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली, तेव्हा पूर्ण देशात फक्त 33 प्रकल्प होते आणि त्यातला एक आपल्या धारावीत, म्हणजे मुंबईला हे काही नवीन नाही. आहार, लसीकरण, वजन-उंची, तपासणी हे सगळं आहेच पण 3 ते 6 वर्षांच्या मुलांचं शिक्षण हेपण त्यांचंच काम आहे आणि आमच्या ताई, म्हणजे अंगणवाडी सेविका, ते मनापासून करतात. सकाळी बडबडगीतं, मग मणी ओवणं, कागद फाडून चिकटवणं, राजमा आणि चणे मिसळून दिलेले वेगळे करणं, गोष्ट अर्ध्यावर थांबवून "आता पुढे काय होईल सांगा बघू" असं विचारणं. बघताना वाटतं हा तर नुसता खेळ आहे, पण मणी ओवून ओवून बोटांत जी ताकद येते त्यावरच पुढे पेन्सिल धरता येते, आणि गोष्ट लक्ष देऊन ऐकायची सवय लागली की वर्गात बाई काय बोलतात ते कळतं. आमच्याकडे यूपी-बिहारची पोरंपण खूप आहेत, घरात मराठीचा एक शब्द नाही, आणि ती वर्षभरात फाडफाड मराठी बोलायला लागतात. पुढे मराठी माध्यमाच्या पालिका शाळेत जाणाऱ्या मुलासाठी याच्याएवढी मोठी तयारी दुसरी कुठली असणार सांगा.

शेजारच्या गल्लीत एक खाजगी नर्सरी आहे, नाव लिहीत नाही. तिथे तीन वर्षांच्या पोराला एबीसीडीची पानंच्या पानं गिरवायला लावतात, फी वेगळी, युनिफॉर्म वेगळा, आणि घरी होमवर्कवरून रोज रडारड. मला हे अजिबात पटत नाही. एवढ्याशा हातांना लिहायला लावून काय मिळतं?

आता माता गटाबद्दल. राज्यात 2022 पासून "पहिले पाऊल" नावाचं शाळापूर्व तयारी अभियान चालतं. पहिलीत जाणाऱ्या मुलांसाठी शाळेत मेळावा भरतो, वेगवेगळी टेबलं मांडलेली असतात, कुठे रेषेवरून चालायचं, उड्या मारायच्या, कुठे चित्र बघून बोलायचं, कुठे वस्तू मोजायच्या, कमी-जास्त ओळखायचं, आणि कशात मूल पुढे आहे, कशात मदत लागेल ते कार्डावर लिहून आईच्या हातात देतात. एक मेळावा उन्हाळ्याच्या सुट्टीआधी, दुसरा शाळा सुरू होताना. या दोन मेळाव्यांच्या मध्ये, उन्हाळ्याच्या सुट्टीत, गल्लीतल्या आयांनी एकत्र बसून, हाच माता गट, मुलांकडून छोट्या छोट्या गोष्टी करून घ्यायच्या, त्यासाठी कार्डं मिळतात, व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ येतात. आमच्या गटात घरकाम करणाऱ्या आहेत, इमिटेशन ज्वेलरीचं काम घरी आणणाऱ्या आहेत, एक-दोघी तर शाळेत कधी गेल्याच नाहीत. त्यांनाच सगळ्यात जास्त धीर आला, कारण भाजी निवडताना शेंगा मोजून घेणं, कपड्यांच्या घड्या घालताना लहान-मोठं ओळखायला सांगणं याला लिहिता-वाचता यावं लागत नाही. आधी ज्या म्हणायच्या "आम्हाला काय कळतंय शिक्षणातलं", त्याच आता शाळेत जाऊन बाईंना प्रश्न विचारतात. हे बघून मला खरंच भरून येतं.

आता जे खटकलं तेपण लिहिते. खोली एकदम छोटी आहे, भाड्याची, पावसाळ्यात एका कोपऱ्यात पाणी गळतं, बाथरूम नाही त्यामुळे लहान पोरांना घरी पळावं लागतं. ताईंचा अर्धा वेळ मोबाईलवर माहिती भरण्यात जातो, नेटवर्क गेलं की परत तेच. एवढं करून त्यांना पगार नाही, मानधन मिळतं. डिसेंबर 2023 मध्ये राज्यभर अंगणवाडी सेविकांचा संप झाला तेव्हा खूप पालक वैतागले होते, पोरं दिवसभर घरी, मलापण कामाची अडचण झाली, तरी मी ताईंच्याच बाजूने होते आणि आजही आहे.

ज्यांना घालायचंय त्यांनी मुलाचं आधार आणि लसीकरणाचं कार्ड घेऊन सरळ ताईंना भेटा, फी नाही. पहिलीसाठी 31 डिसेंबरपर्यंत 6 वर्षं पूर्ण लागतात, त्यामुळे उगाच घाई करून मुलाला लवकर पहिलीत घालू नका, ते वर्ष अंगणवाडीतच राहू दे.

आणि एक विचारायचं होतं. आमच्या इथल्या गणेशोत्सव मंडळाची पक्की खोली वर्षातले बरेच महिने बंदच असते, बाजूलाच बाथरूम आहे. सकाळचे तीन-चार तास ती अंगणवाडीला मिळावी म्हणून गटातल्या आम्ही सगळ्या मिळून मंडळाला अर्ज देणार आहोत. तुमच्या एरियात कोणी असं केलं असेल तर लाईट बिल कोण भरतं आणि अर्ज मंडळाला आधी द्यायचा की अंगणवाड्यांच्या बालविकास प्रकल्प कार्यालयात, तेवढं नक्की सांगा.