नेरूळमधील सायकल सर्व्हिसिंग: काम चोख, पण फवारा नको

पाऊस ओसरला की नवी मुंबईत सायकलचा खरा हंगाम सुरू होतो आणि पाम बीच रस्त्यावर पहाटेच्या अंधारात सायकलींचे लाल दिवे लुकलुकू लागतात. माझी सायकल मात्र पावसाळाभर रोज स्टेशनपर्यंत भिजत गेली होती आणि खाडीकडच्या खारट हवेने तिची चेन तांबूस पडली होती. म्हणून ऑक्टोबरअखेर नेरूळमधील एका लहानशा दुकानात मी तिचे संपूर्ण सर्व्हिसिंग करून घेतले. पुढे एक तक्रार असल्याने दुकानाचे नाव देत नाही.

कारागिराने धुण्यापूर्वी चेन मोजली, हे मला विशेष आवडले. नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात; माझी चेन पाऊण टक्क्याहून अधिक ताणली होती, आणि तशीच चालवली असती तर तिने मागच्या कॅसेटचे, म्हणजे गिअरच्या दातेरी चकत्यांचे, दातही खाल्ले असते. नवी चेन बसवल्यावर त्यांनी सीटपोस्ट, म्हणजे सीट धरणारा दांडा, उपसून काढला. फ्रेम उलटी करताच नळीतून पेलाभर गढूळ पाणी बाहेर आले! फ्रेम पोलादाची आणि सीटपोस्ट ॲल्युमिनियमचा असला की खारट ओलीत दोन्ही धातू एकमेकांना असे धरून बसतात की पुढे तो हलता हलत नाही. नळी कोरडी करून आत ग्रीसचा पातळ थर देणे हाच त्यावरचा साधा उपाय, आणि तो येथे न सांगता झाला. चेनला तेल देताना ब्रेकच्या डिस्कवर कापड टाकण्याची काळजीही त्यांनी घेतली.

तक्रार धुण्याबद्दल आहे. मोटारसायकलसाठीचा जोरकस फवारा त्यांनी थेट हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, आणि पेडलच्या मधल्या बेअरिंगवर मारला. तेथील सील उडणारे शिंतोडे अडवते, दाबाने घुसणारे पाणी नव्हे. आठवडाभरातच क्रँकमधून, म्हणजे पेडलच्या दांड्यातून, कुरकुर ऐकू येऊ लागली. त्यांनी बेअरिंग उघडून पुन्हा ग्रीस भरले, पैसेही घेतले नाहीत, पण चूक काही मान्य केली नाही. शिवाय चेनला दिलेले दाट तेल पावसात शोभले असते. हिवाळ्यात बांधकामांची धूळ त्यावर चिकटून काळी लापशी होते. ते पुसून मी मेणयुक्त कोरडे वंगण आतल्या बाजूने प्रत्येक कडीवर एकेक थेंब सोडले, रात्रभर सुकू दिले आणि सकाळी चेन बाहेरून फडक्याने पुसून घेतली.

चेनचे पैसे वेगळे धरून मजुरी १,१०० रुपये झाली, आणि सीटपोस्टचे काम पाहता ती मला जड वाटली नाही. पुढच्या वर्षीही मी तेथेच जाईन. सायकल मात्र घरीच बादलीभर साबणपाण्याने धुऊन, कोरडी करूनच नेईन.