आयजीएनचा 'टॉप २५' नकाशा: जुन्या हद्दी धुंडाळणाऱ्यांनी घ्यावाच

फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला राहायला आल्यापासून मला जुन्या प्रांतांच्या हद्दीचे दगड बघायचा नाद लागलाय. त्यात सगळ्यात कामी आलेली वस्तू म्हणजे आयजीएन या नकाशे काढणाऱ्या फ्रेंच सरकारी संस्थेचा 'टॉप २५' नकाशा. माझ्याकडे उत्तर व्होज डोंगरांचा आहे.

प्रमाण १:२५,०००, म्हणजे कागदावरचा १ सेंटीमीटर जमिनीवर २५० मीटर. ओढे, पायवाटा, चढउतार सगळं दिसतं. माझा जीव मात्र जिल्ह्याच्या हद्दीच्या तुटक रेषेवर. १७९० मध्ये प्रांत मोडून देपार्तमां, म्हणजे आजचे जिल्हे, पाडले, तेव्हा बऱ्याच ठिकाणी जुनीच शीव कायम राहिली. म्हणून इथे मोझेल आणि बा-रँ या दोन जिल्ह्यांमधली ही रेषा धरून चाललं, की पुष्कळदा आपण लोरेन आणि आल्सास या जुन्या प्रांतांच्या शिवेवरूनच चालत असतो.

याच भागात, गोत्सेनब्रुक गावाच्या हद्दीत ब्राइटेनश्टाइन आहे. चार मीटरहून उंच, प्रागैतिहासिक मानला जाणारा उभा पाषाण, पुढे हद्दीची खूण झालेला. एका अंगाला लोरेनचा कॅथलिक बिच परगणा, दुसऱ्या अंगाला हानाउ-लिश्टेनबेर्ग घराण्याचा लुथरन (प्रोटेस्टंट) मुलूख. १७८७ मध्ये त्याच्यावर येशूचे बारा प्रेषित कोरले. जवळ जाऊन बघा: खाली दगड तसाच ओबडधोबड, आणि वर खांद्याला खांदा लावून उभे असलेले प्रेषित. गंमत म्हणजे तेव्हा या शिवेचा जोर ओसरतच आला होता: लोरेन १७६६ मध्येच फ्रान्सला जोडलं गेलं होतं, आणि या कोरीवकामानंतर तीनच वर्षांत प्रांतही उरले नाहीत. मला तर या दगडासमोरून हलवत नाही.

कुठली रेषा किती जुनी, हे नकाशा सांगत नाही. त्यासाठी मी निघण्याआधी आयजीएनच्याच संकेतस्थळावर कासिनी घराण्याने अठराव्या शतकात केलेला फ्रान्सचा नकाशा आजच्या नकाशावर ठेवून बघतो. तो फुकट बघता येतो, आणि घरबसल्या अर्धी भटकंती तिथेच होते. कागदी नकाशा उलगडला की पसारा होतो, वाऱ्यात तर दोन हात पुरत नाहीत; हवा तो भाग वर ठेवून घडी आधीच घालून घ्या. तरी रानात मी फोनपेक्षा कागदच बरा म्हणेन, कारण शीव कुठून आली आणि कुठे चालली ते एका नजरेत कळतं.

गाडी नसली तरी अडत नाही. स्ट्रासबुर्गहून रेल्वेने विंगेन-स्युर-मोदेर गाठायचं. पुढे क्लब व्होजियँच्या रंगीत खुणा झाडाझाडांवर आहेत. १८७२ पासूनची ही संस्था वाटा फार मायेने राखते.