ट्यूब, ट्यूबमध्ये सीलंट की ट्यूबलेस? साताऱ्यात एमटीबी चालवणाऱ्यांसाठी

साताऱ्यात कुणी एमटीबी (माउंटन बाइक) ट्यूबलेस करावी का असं विचारलं, की मी आधी उलटा प्रश्न टाकतो: सायकल घेऊन पश्चिमेला जाता की पूर्वेला? बोगद्यातून बाहेर पडून सज्जनगड, ठोसेघर, चाळकेवाडीच्या पवनचक्क्या, नाहीतर समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढून कास आणि पुढे बामणोली, हा एक मुलूख. कोरेगाव ओलांडून खटाव-माणकडे जाणारे मुरमाड रस्ते आणि गाडीवाटा, हा दुसरा. जिल्हा एकच, पण चाकातली हवा दोन्हीकडे वेगवेगळ्या कारणांनी जाते.

पश्चिमेला दगड हवा घालवतो. पवनचक्क्यांकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यांवर जांभ्याचे आणि काळ्या दगडाचे धारदार तुकडे उघडे पडलेले असतात. उतारावर वेगात असताना पुढचं चाक अशा दगडावर आपटलं की टायर दबतो, आणि आतली ट्यूब दगड आणि रिमच्या कडेमध्ये चिमटली जाते. ट्यूब बाहेर काढून पाहा: शेजारीशेजारी दोन बारीक चिरा, साप चावल्यासारख्या. टायरला बाहेरून ओरखडाही नसतो. हे टाळायचं तर हवा जास्त ठेवायला लागते, आणि हवा जास्त ठेवली की खडीवर सायकल उडते, ग्रिप जाते, मनगटं दुखतात.

पूर्वेला मालक काटा आहे. बाभूळ, वेडी बाभूळ, बोर, आणि सगळ्यात वाईट सराटा. सराट्याचं फळ वाळलं की फुटून त्याच्या पाकळ्या सुट्या होतात, आणि पाकळी कशीही पडली तरी एखादा काटा वर राहतोच. पावसाळ्यात हा त्रास फारसा जाणवत नाही. दिवाळीनंतर रान वाळायला लागतं, शेताच्या कडेला बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घातलं जातं, ट्रॉलीतून नेताना चार काटक्या वाटेवर पडतात, आणि तिथून उन्हाळा संपेपर्यंत एकाच फेरीत दोन-तीन पंक्चर हे नवल राहत नाही.

आता तिन्ही पर्याय या दोन मुलुखांवर लावून पाहू.

साध्या ट्यूबची बाजू मजबूत आहे, ती कमी लेखू नये. स्वस्त आहे, कुठल्याही गावात मिळते, पंक्चर काढायला मोटारसायकलवाला मेकॅनिकही चालतो. सायकल महिना-दोन महिने उभी राहिली तरी हवा भरली की झालं. सत्तर किलोच्या आसपासच्या माणसाने 2.2 इंची टायरमध्ये हवेचा दाब 30 ते 35 पीएसआय ठेवला, तर चिमटा बसण्याचं प्रमाण बरंच कमी होतं. कॉलेज, क्लास, पोवई नाका ते राजवाडा, रविवारी फार तर यवतेश्वरपर्यंत डांबरावरून, एवढाच वापर असेल तर हा लेख इथेच सोडलात तरी चालेल. ट्यूबच ठेवा.

दुसरा पर्याय ट्यूबमध्येच सीलंट, म्हणजे छिद्र बुजवणारा द्रव, घालण्याचा. दुकानात सहसा हिरव्या रंगाचं मिळतं. ग्लायकोलमध्ये बारीक तंतू मिसळलेले असतात, ते छिद्रात अडकून बसतात. काट्यासाठी हा उपाय खरंच चांगला आहे. सराटा उपसला, चाक दोन-चार वेळा फिरवलं, हवा थोडी भरली, पुढे चालू. अट एवढीच की व्हॉल्व्हचा कोर, म्हणजे हवा अडवणारा आतला बारीक भाग, निघणारा हवा. गाडीसारख्या जाड व्हॉल्व्हचा तो निघतोच. बारीक व्हॉल्व्हच्या बऱ्याच स्वस्त ट्यूबचा निघत नाही, म्हणून विकत घेतानाच बघून घ्या. पण दगडाच्या चिमट्याने पडलेल्या चिरा या द्रवाच्या आवाक्याबाहेरच्या. तंतू तिथे धरत नाहीत, आणि अशी ट्यूब नंतर पॅच लावायला घेतली तर चिकट द्रव बाहेर येत राहतो, पॅच धरत नाही. म्हणजे पूर्वेकडच्या माणसाने हा पर्याय जरूर घ्यावा. पश्चिमेकडच्याने त्यात पैसे घालू नयेत.

तिसरा ट्यूबलेस. स्कूटरला आणि कारला कित्येक वर्षं ट्यूबलेस आहे, त्यामुळे 'त्यात काय विशेष' असं वाटतं. फरक असा की स्कूटरचा रिम मुळातच हवाबंद असतो आणि टायर जाड असतो. सायकलच्या रिमला स्पोकची भोकं असतात, ती टेपने बुजवावी लागतात; टायर पातळ असतो, म्हणून आत लॅटेक्सचं पांढरं सीलंट घालावं लागतं. माउंटन बाइकसाठीची पहिली यशस्वी पद्धत, यूएसटी, मॅव्हिक या रिम बनवणाऱ्या कंपनीने हचिन्सन आणि मिशलिन या टायर कंपन्यांच्या साथीने 1999 मध्ये आणली. तिच्यात रिमला आतून भोकंच नव्हती, पण ती जड आणि महाग पडायची. आज टेप आणि सीलंटची जी पद्धत सगळे वापरतात, ती त्यानंतर रुळली.

फायदा कुठे आहे? चिमटायला ट्यूबच नाही, त्यामुळे तेच सत्तर किलो 22 ते 26 पीएसआयवर चालवता येतात. चाळकेवाडीच्या खडीवर हा फरक पहिल्या उतारातच कळतो: मागचं चाक घसरत नाही, दगडावर चढून उतरतं. फार कमी हवेत टायर दबून रिमच दगडावर आपटू शकतो, तेव्हा पंधरा पीएसआयच्या फुशारक्या मारणाऱ्यांचं ऐकू नका. काट्याचं म्हणाल तर बाभळीचा काटा लागला हे तुम्हाला घरी येऊन टायर पुसताना कळतं. छिद्राशी पांढरा ठिपका वाळलेला असतो.

वजन कमी होतं म्हणून ट्यूबलेस करा, असं सांगणारे बरेच भेटतील. 29 इंची चाकाची साधी ट्यूब साधारण 200 ग्रॅमची असते. त्या जागी 100 मिलिलिटर सीलंट, व्हॉल्व्ह आणि टेप धरली तर वाचतात 70-80 ग्रॅम, आणि ट्यूबलेस-रेडी (ट्यूबशिवाय वापरण्यासाठीच बनवलेला) टायर साध्यापेक्षा जाड असल्यामुळे तेही बहुतेक तिथेच संपतात. वजनासाठी करणार असाल तर राहू द्या.

आधी रिम बघा

बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. स्वस्त एमटीबीला एकपदरी रिम असते: टायर आणि ट्यूब काढल्यावर स्पोक रिमला आवळणाऱ्या निपलची डोकी सरळ समोर दिसतात. अशा रिमवर ट्यूबलेसचा नाद सोडा. दुपदरी रिमला स्पोकची मोठी भोकं दिसतात आणि निपल त्यांच्या आत खाली असतात. त्यातही टायरची कड बसायला बाजूला सपाट पायरी हवी आणि वर आत वळलेला ओठ हवा. रिमवर 'ट्यूबलेस रेडी' किंवा टीसीएस, टीएलआर असं काही लिहिलेलं असेल तर प्रश्नच मिटला.

टायरच्या बाबतीत एक नियम डोळे झाकून पाळा: कडेला लोखंडी तार असलेला साधा टायर ट्यूबलेस करायचा नाही. त्याची कड सैल बसते, बाजूच्या भिंतीतून सीलंट घामासारखं पाझरत राहतं, आणि वळणावर कड सुटली तर हवा एका क्षणात जाते. घडी होणारा, ट्यूबलेस-रेडी टायरच घ्या. यूट्यूबवर 20 इंची ट्यूब मधोमध चिरून 26 इंची रिमवर पसरवण्याचा जुगाड दिसेल. तो जमतो, पण मांडीवर चाक घेऊन दोन तास घालवायची तयारी असणाऱ्यांनाच.

व्हॉल्व्हचं भोकही मोजा. बारीक व्हॉल्व्हला 6.5 मिलिमीटर लागतं, गाडीच्या व्हॉल्व्हला 8.5. आपल्याकडच्या बऱ्याच रिमना मोठं भोक असतं. तिथे जाड बुडाचा व्हॉल्व्ह किंवा रबरी बूच लावून भागतं. तसाच बारीक व्हॉल्व्ह घुसवला तर हवा तिथूनच जाते आणि माणूस दोन दिवस टेपला शिव्या देतो.

टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा दोन-चार मिलिमीटर जास्त रुंद घ्यायची. रिम सर्जिकल स्पिरिटने पुसून पूर्ण वाळवायची, मग टेप ताणत, अंगठ्याने दाबत बसवायची, एकही फुगा राहता कामा नये. पॅकिंगची किंवा विजेची टेप या कामाला चालत नाही.

सगळ्यात कटकटीचं काम म्हणजे टायरची कड जागेवर बसवणं. घरच्या पंपाने हवा जेवढी जाते तेवढी कडेतून बाहेर येते. अशा वेळी व्हॉल्व्हचा कोर काढा, कडांना साबणाचं पाणी लावा आणि चाक घेऊन सरळ हायवेच्या कडेच्या पंक्चरच्या दुकानात जा. बारीक व्हॉल्व्हवर बसणारं पितळी अडॅप्टर खिशात हवं, कारण त्यांची नळी गाडीच्या व्हॉल्व्हची. "मामा, ट्रकचं चाक नाही, दमानं भरा" हे आधी सांगून ठेवा, आणि टायरच्या भिंतीवर छापलेल्या आकड्याच्या पुढे जाऊ देऊ नका. कड बसताना ठाक-ठाक असे आवाज येतात. पहिल्यांदा ऐकणारा माणूस दोन पावलं मागे सरकतो. टायरवरची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली की काम झालं. मग हवा सोडून व्हॉल्व्हमधूनच सीलंट ओता (29 इंचीला 100 मिलिलिटरच्या आसपास, 26 इंचीला थोडं कमी), कोर बसवा, हवा भरा आणि चाक आडवं धरून दोन्ही बाजूंनी हिंदकळवा. भिंतीवर बारीक पांढरे बुडबुडे येतील आणि थांबतील. पहिल्या रात्री हवा थोडी उतरली तर घाबरायचं कारण नाही.

नंतरचा खर्च

ट्यूबलेस एकदा करून विसरता येत नाही. सीलंटमधलं पाणी उडत जातं. सातारा शहरात ते तीन-चार महिने टिकत असेल, तर माणच्या एप्रिल-मेच्या उन्हात दोन महिन्यांनी बघावंच लागतं. व्हॉल्व्ह खाली आणायचा, थोडा वेळ थांबायचं, कोर काढून प्लॅस्टिकचा झिप टाय आत घालायचा. टोक ओलं आलं तर ठीक, कोरडं आलं तर भर घाला. सायकल महिनोन्महिने उभीच असेल तर आत फक्त रबराची साय आणि गोळे उरतात, आणि तुम्ही ट्यूबलेसच्या भरवशावर विनासीलंट फिरत असता. कारच्या पंक्चरसाठीचं सीलंट स्वस्त पडतं म्हणून घालू नका, ते या कामासाठी बनवलेलं नसतं.

खर्चाचा आकडा टायरवर ठरतो. रिम आणि टायर आधीच ट्यूबलेस-रेडी असतील तर टेप, व्हॉल्व्हची जोडी आणि सीलंट मिळून ऑनलाइन दोन हजारांच्या आगेमागे काम होतं. टायर बदलायचे असतील तर त्याच्या तिप्पट-चौपट धरा. रिमही बदलायची वेळ आली, तर मी म्हणेन, ते पैसे साठवून पुढची सायकल घेताना बघा. हा हिशोब जुन्या सायकलवर बसत नाही.

ट्यूबलेस केल्यावरही सीटखालच्या पिशवीत एक ट्यूब लागतेच. चार मिलिमीटरपेक्षा मोठं भोक सीलंट बुजवत नाही. तिथे सायकलसाठीची बारीक स्ट्रिप टोचायची. मोटारसायकलची स्ट्रिप पातळ टायरला फार जाड होते, भोक फाडते. टायर चिरलाच तर व्हॉल्व्ह काढून ट्यूब घालायची, पण त्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा. बोट फिरवू नका. सीलंटने निमूटपणे पचवलेले सगळे काटे आतल्या बाजूने टोकं काढून बसलेले असतात, आणि नवी ट्यूब त्यातल्या पहिल्यावरच बसते. खटावच्या एखाद्या माळावर दुपारी बारा वाजता हे शिकायला नको.

एवढं वाचूनही मन दोन्हीकडे असेल तर फक्त मागचं चाक ट्यूबलेस करा. वजन जास्त तिथेच येतं आणि पंक्चरही बहुतेक तिथेच होतं. एका चाकाचं सामान स्वस्त पडतं, आणि कड बसवण्याची कटकट आपल्याला झेपते की नाही हेही कळतं. वेळ निवडायची तर दसऱ्याच्या सुमाराची: पाऊस ओसरलेला असतो, रान वाळायला अजून अवकाश असतो, आणि सराट्याचा मोसम सुरू होईपर्यंत सीलंट ताजं असतं.