पर्वतीच्या पायथ्याचा सकाळचा योगवर्ग

रक्तदाबाची गोळी सुरू झाली तेव्हा हा सहाचा वर्ग लावला. आधी पर्वतीच्या 103 पायऱ्या, मग 12 सूर्यनमस्कार, शेवटी वीस मिनिटं ध्यान. हा क्रमच मला सगळ्यात पटला. पतंजलींच्या अष्टांगयोगातही आसनं तिसरी, ध्यान सातवं. अंग मोकळं झालं की मांडी घालून बसताना पायांना मुंग्या येत नाहीत. मानेवरचा घाम वाऱ्यानं गार होत वाळतो आणि श्वास आपोआप संथ होतो. बाई ‘मन रिकामं करा’ म्हणत नाहीत, नाकपुडीशी श्वास जाणवतोय का, एवढंच विचारतात. सतरंज्या मात्र फार पातळ, घोटे दुखतात; मी घरून चादर नेते. चार महिन्यांत रात्री दोनला दचकून उठणं थांबलंय. गोळी अजून चालू आहे.